कुंभार्ली घाटात गाडी उकळली, आणि बाटलीत कुलंट फुल होतं!

गुहागरचे ४ दिवस मस्त गेले, त्यावर सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. मला सांगायचंय ते फक्त परत येतानाच्या कुंभार्ली घाटाबद्दल, कारण अजून डोकं शांत झालेलं नाही.

गाडी ९ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. निघायच्या आधी पुण्यात सर्व्हिसिंग केलं, कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रावण) बदललं, "काका बिनधास्त जा" असं ऐकून घेतलं. रोज सकाळी बॉनेट उघडून रेडिएटरला जोडलेली जादा कुलंटची बाटली बघत होतो, कुलंट मॅक्सच्या खुणेला टेकलेलं, कधी तर वरच. मी खूश. तिथेच फसलो.

मे महिना, दुपारचे २, एसी चालू, ५ माणसं आणि आंब्याच्या ४ पेट्या. चिपळूण जवळपास समुद्रसपाटीला आणि घाटमाथा साधारण दोन हजार फुटांवर, त्यामुळे पोफळी सोडलं की चढच चढ. पुढे लोडेड ट्रक, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडतरखडत चाललेलो, रेडिएटरला वारा लागायचा प्रश्नच नाही, आणि अर्ध्या घाटात टेम्परेचरचा काटा सर्रकन वर गेला. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं तर बाटलीत भाताच्या पातेल्यासारखं खदखदतंय. मेहुणा फडकं घेऊन झाकण फिरवायला निघाला होता, त्याचा हात धरून मागे ओढला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, अर्धा-पाऊण तास गप्प बसायचं.

टोइंगवाल्याने चिपळूणपर्यंत उतरवायचे ५,५०० घेतले, वर "घाटाचा चार्ज" म्हणे. शुद्ध लूट. आधी भाव ठरवून घ्या, आम्ही उन्हात पोरं घेऊन उभे होतो म्हणून मुकाट्याने दिले. गॅरेजवाल्याने लांबूनच बुडबुड्यांची गोष्ट ऐकली आणि निकाल दिला, "हेड गॅसकेट उडालंय साहेब, १८ हजार, ४ दिवस गाडी सोडा." हेड गॅसकेट म्हणजे इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग. गाडीला हात पण लावला नाही हो!

नशीब की रात्र लॉजवर काढली. सकाळी शेजारच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने थंड गाडीच्या रेडिएटरचं झाकण काढलं आणि आत बोट घातलं. बोट कोरडं. बाटली फुल आणि रेडिएटर निम्मा रिकामा! झाकणाच्या रबराला नख लावलं तर तुकडाच पडला. "ह्याच्यात दोन वॉल्व्ह असतात, मोठा दाब धरतो, मधला छोटा गाडी गार झाली की बाटलीतलं पाणी परत आत ओढतो. तुमचे दोन्ही गेले." म्हणजे गरम झालं की कुलंट बाटलीत जायचं आणि तिथेच राहायचं. वर दाबही नाही. आमच्या झाकणावर ०.९ (बार, म्हणजे दाबाचा आकडा) लिहिलेलं होतं, तेवढा दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीपर्यंत उकळत नाही, दाब गेला की १०० लाच खेळ खलास. कुकरची रिंग गेल्यावर होतं तेच.

गॅसकेटची शंका होतीच, म्हणून त्याने रेडिएटर भरून झाकण न लावताच गाडी चालू केली. गॅसकेट गेलं असेल तर बहुतेकदा थंड इंजिनलासुद्धा पहिल्या मिनिटापासून एकसारखे बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, ऑइल दुधाळ होतं. आमच्याकडे यातलं काही नाही. हीटर फुल गरमवर ठेवला, थोडे बुडबुडे आले, ती अडकलेली हवा, पातळी खाली गेली की वरून कुलंट ओतलं, मग सगळं शांत. फॅन वेळेवर लागतोय हेही बघितलं. झाकण ३०० रुपये, मजुरी २००. त्याला ५०० च्या वर एक रुपया घ्यायला लावताना आमची दमछाक झाली.

तर थंड गाडीचं झाकण उघडून आत बघा, बाटलीवर विश्वास ठेवू नका. ३-४ वर्षांत झाकण बदलून टाका, रबर बरं दिसलं तरी. चढावर काटा हलायला लागला की एसी बंद, हीटर फुल (तो इंजिनची उष्णता ओढून घेतो), खिडक्या उघड्या. उकाड्याने जीव जातो पण इंजिन वाचतं. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायला कोणी धावलं तर आधी त्याला आवरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला घाट चढलो, ट्रक कमी, काटा निम्म्यावरून हलला नाही. मी मात्र कोयनानगर येईपर्यंत त्याच्याकडेच बघत होतो. आंब्याची एक पेटी म्हाताऱ्याकडे ठेवून आलो.