आधी सांधा, मग लॉक, मग सिग्नल : आमची वाटचाल

आम्ही ट्रेनच्या खेळांसाठी सिग्नल केबिन करतो, पण सदाशिव पेठेतल्या आमच्या ऑफिसच्या पाटीवर अजूनही ‘थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू’ असंच लिहिलेलं आहे, कारण सुरुवात त्याच कामाने झाली. बाणेर, वाकड, हिंजवडीकडच्या बिल्डरांना न बांधलेल्या इमारती पडद्यावर उभ्या करून द्यायच्या. लॉबीतला संगमरवर, बाल्कनीतल्या कुंड्या, स्विमिंग पूलवर पडलेलं ऊन. कामाला तोटा नव्हता, पैसे मात्र रडतखडत यायचे. एका इमारतीत लोक राहायला गेले, सोसायटी स्थापन झाली, तरी आमचं बिल निघालेलं नव्हतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये साइट बंद पडल्या आणि हे काम एकदम थांबलं. पगार द्यायचे होते. माझा मावसभाऊ आमच्याकडे टेक्स्चरचं काम बघतो. शाळेत असल्यापासून तो मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर खेळत आला आहे. २००१ साली आलेल्या त्या खेळात इंग्लंड, ऑस्ट्रिया, जपान, अमेरिकेचे मार्ग होते, आपला एकही नव्हता. मग आपल्याकडच्या हौशी मुलांनी स्वतःच इंजिनं, डबे, स्टेशनं करून त्यात घातली, आणि ओपन रेल्स या नव्या सिम्युलेटरमुळे ती आजही चालतात. ‘ताई, इंजिनं सगळेच करतात,’ तो म्हणाला, ‘आपण केबिन करू. चालणारी.’

केबिन म्हणजे जिथून लिव्हर ओढून सिग्नल आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा) हलवतात ती खोली. चालणारी म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. या खेळांमध्ये आम्ही पाहिलेल्या केबिन देखाव्यापुरत्या होत्या. काचेआड लिव्हरची रांग, पण ती रंगवलेली. सिग्नल खाली-वर होतात ते खेळाच्या हुकमाने. गाडीचा मार्ग ठरलेला असतो, पुढचा ब्लॉक, म्हणजे रुळाचा पुढचा टप्पा, रिकामा असला की सिग्नलचा हात पडतो (खाली पडला म्हणजे ‘जा’), केबिनला कुणी विचारतच नाही. आम्हाला हेच उलटं करायचं होतं. आधी केबिनमध्ये लिव्हर ओढला जाईल, मग सांधा बदलेल, मग सिग्नल. म्हणून ट्रेन्झसारख्या ट्रेनच्या दुसऱ्या खेळाकडे वळलो. तिथे आपण केलेल्या वस्तूला आपली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, जोडता येते.

मॉडेल झालं आणि दिसायलाही देखणं होतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करायचा हात बिल्डरांच्या कामामुळे बसलेलाच होता. ओळखीतून घोरपडी भागातले एक काका बघायला आले. ते रेल्वेतून सिग्नल मेंटेनर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी माऊस हातात घेतला, मेन लाईनच्या होमचा (गाडीला स्टेशनात घेणाऱ्या सिग्नलचा) लिव्हर ओढला आणि लगेच लूपच्या, म्हणजे बाजूच्या लाईनच्या, होमचाही ओढला. दोन्ही हात पडले.

‘मॅडम, तुमचा लिव्हर फार ऐकतो,’ काका म्हणाले. ‘आमचा आधी नाही म्हणायचा.’

आमचा खरा धंदा त्या वाक्यापासून सुरू झाला असं मी मानते. त्या दुपारी त्यांनी कागदावर लॉकिंग टेबल, म्हणजे कोणता लिव्हर कुणाला अडवतो याचा तक्ता, काढून दिलं. छोटं, एका सांध्यापुरतं. २ नंबर मेन लाईनचा होम, ३ नंबर लूपचा होम, ५ नंबर सांधा, ६ नंबर सांध्याचं लॉक. गाडी लूपला घ्यायची तर आधी ५ ओढायचा, मग ६, आणि मगच ३ हलतो. ६ ओढलेला असेल तर ५ जिथे आहे तिथेच अडकतो. ३ ओढला की ६ परत जात नाही, म्हणजे सिग्नल पडलेला असताना गाडीखालचा सांधा कुणाच्याच हातून बदलणार नाही. २ तर तेव्हा जागचा हलतसुद्धा नाही, कारण त्याला सांधा सरळ हवा. मोडायचं तेही उलट्या क्रमाने. आधी सिग्नल पूर्ववत, मग लॉक, मग सांधा. सगळ्यांत हट्टी असतो वॉर्नर, म्हणजे पुढे सगळं मोकळं आहे हे आधीच सांगणारा सिग्नल. होम, आणि गाडीला स्टेशनातून बाहेर सोडणारे स्टार्टर, अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टर असे मेन लाईनचे सगळे हात पडल्याशिवाय तो दाद देत नाही.

खऱ्या केबिनमध्ये हे सगळं खालच्या मजल्यावर लोखंडात कोरलेलं असतं. प्रत्येक लिव्हरला खाचा पाडलेली एक पट्टी असते. लिव्हर सरकला की पट्टी सरकते, आणि आडव्या सळईला जोडलेला ठोकळा दुसऱ्या पट्टीच्या खाचेत जाऊन बसतो. मग तो दुसरा लिव्हर कितीही जोर लावला तरी येत नाही. इंग्लंडात जॉन सॅक्सबीने सांधे आणि सिग्नल एकमेकांत गुंतवण्याचं पेटंट १८५६ साली घेतलं. केबिनमनची नजर चुकली, रात्रपाळीला डोळा लागला, तरी लोखंड चुकू देत नाही. या विचाराचा मला फार आदर वाटतो, आणि तो खेळातल्या मुलांपर्यंत पोचावा यासाठीच आम्ही झटतो.

आमची पुढची फ्रेम, म्हणजे लिव्हरची रांग, १२ लिव्हरची होती. प्रत्येक लिव्हरच्या दोन अवस्था, म्हणजे एकूण ४०९६ मांडण्या. त्यातल्या बहुतेक कधीच घडता कामा नयेत. हाताने तपासणं शक्य नाही, म्हणून भावाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो सुरुवातीच्या स्थितीपासून जो जो लिव्हर हलू शकतो तो हलवत जातो आणि पोचता येईल अशी प्रत्येक मांडणी नोंदवतो. एकमेकांच्या आड येणारे दोन सिग्नल एकदम पडलेले कुठेही सापडले तर ते मॉडेल ऑफिसबाहेर जात नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

बाकीची कलाकुसर काकांनी एकेक करत शिकवली. लिव्हरचे रंग: स्टॉप सिग्नलला लाल, सांध्याला काळा, लॉकला निळा, गेटला तपकिरी, वापरात नसलेल्याला पांढरा. सिग्नलची तार उन्हाने लांबते, मग हात अर्धवट पडतो आणि तार ताणून घ्यावी लागते. हे आम्ही दुपारच्या वेळेशी जोडलं आहे. तार तुटली तर वजनामुळे हात आपोआप आडवा होतो. आणि सिग्नलच्या चष्म्यातली, म्हणजे दिव्यासमोरच्या चौकटीतली, हिरवी काच. भावाने ती हिरवीगार रंगवली होती. काका म्हणाले, दिवसा बघाल तर निळसर दिसते. मागे रॉकेलचा दिवा, त्याची ज्योत पिवळी, निळसर काचेतून आली की रात्री हिरवी दिसते. आता आमच्या मॉडेलमध्ये काच निळसर आहे, दिवा पिवळा आहे, आणि रात्रीचा हिरवा त्या दोघांतून तयार होतो.

मग लोक विचारू लागले की माऊसने ओढण्यात मजा नाही, हातात धरता येईल असा लिव्हर करा. टेबलावर बसेल अशी फ्रेम केली. पत्रा भोसरीत लेझरवर कापून घेतो, मायक्रोस्विच आणि केबल तपकीर गल्लीतून. पकड दाबल्याशिवाय लिव्हर सुटत नाही, आणि लॉक लागलं असेल तर एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर सरकणारा खिळा, त्याला खरोखर अडवतो. याने किंमत वाढते. स्वस्तात नुसता लाल दिवा लावता आला असता, पण हाताला अडकल्याचं कळायला हवं यावर मी ठाम राहिले.

पुण्यात रेल्वेवेड्यांची कमी नाही. कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून पोरं डोळे विस्फारून बघत आली आहेत. आमचं गिऱ्हाईकही त्यातलंच: इंजिनिअरिंगची मुलं, नातवंडांना दाखवायला फ्रेम नेणारे निवृत्त रेल्वेवाले, परदेशातले काही हौशी. सगळीकडे पॅनेल आणि इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग (हेच गुंतवणं, पण बटणांनी आणि संगणकाने) येत गेलं, लिव्हरच्या केबिन उतरत गेल्या, त्यामुळे जुन्या लोकांकडून मिळेल ते आत्ताच टिपून ठेवायची घाई आम्हाला आहे. सिंगल लाईनसाठी नील्स बॉल टोकनही केलं, म्हणजे पुढे जायच्या परवानगीचा गोळा देणारं यंत्र. पलीकडच्या स्टेशनने संमती दिल्याशिवाय यंत्र गोळा सोडत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नाही.

बिल्डरांची कामं आजही घेतो. ऑफिसचं भाडं त्यावरच निघतं, आणि आमच्याकडच्या मुलांचा हात त्या कामामुळेच साफ राहतो. केबिनच्या कामातून आता दोघांचा पगार सुटतो.

सध्या बोरघाट हातात आहे. ३७ ला १ असा चढ, आणि उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा मुळातच कॅच सायडिंगकडे, म्हणजे बेकाबू गाडी अडवणाऱ्या बाजूच्या रुळाकडे, लागलेला. गाडी ताब्यात आहे हे ड्रायव्हरने थांबून दाखवलं, तरच तो मेन लाईनकडे वळतो. लोणावळ्याकडून कर्जतला उतरताना डेक्कन क्वीनचीही यातून सुटका नाही. खेळणाऱ्याला तिथे थांबणं जिवावर येतं, वगळायची सोय ठेवा अशा मागण्या आत्ताच येऊ लागल्या आहेत. ती सोय आम्ही देणार नाही. सांध्याचं काम झालं आहे, गाडी पूर्ण थांबल्याची खात्री करणारी स्क्रिप्ट बाकी आहे, आणि काका ती तपासून देतील तेव्हा घाट विक्रीला येईल.