दुसरे अपील पुण्याला पाठवण्याआधी

माहिती अधिकार कायद्याखालची सातारा-सांगलीची दुसरी अपिले राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जातात. आयोग कागद बघून निर्णय देतो, म्हणून प्रकरणाचा पाया पहिल्या अर्जातच घालावा लागतो.

समजा, जत तालुक्यातल्या टँकरच्या खेपांची माहिती हवी आहे. ‘खेपा कमी का झाल्या?’ असे विचारले तर तो खुलासा मागणे होते आणि माहिती अधिकारी सहज सुटतो. गाव व महिना टाकून लॉगबुक (टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही) आणि देयकांच्या प्रती मागा. विषय एकच, मजकूर १५० शब्दांत.

३० दिवसांत उत्तर आले नाही तर तो कायद्याने नकारच. मग ३० दिवसांच्या आत माहिती अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे, म्हणजे अपिलीय अधिकाऱ्याकडे, पहिले अपील, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्याचा निर्णय ३० दिवसांत, कारणे नोंदवली तर फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. अपिलीय अधिकारी गप्प बसला तरी ही मुदत संपताच दुसऱ्या अपिलाचे ९० दिवस सुरू होतात. निकालाची वाट पाहत बसलेल्यांची मुदत इथेच हुकते.

सर्वांत महाग पडते ती कलम १८ ची तक्रार आणि कलम १९(३) चे दुसरे अपील यांची गल्लत. तक्रारीवर आयोग दंड करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात स्पष्ट केले. कागद हवा असेल तर अपीलच करा आणि त्यातच कलम ७(६) नुसार विनाशुल्क प्रती, कलम १९(८) खाली भरपाई, कलम २० खाली दंड (दिवसाला २५०, कमाल २५,००० रुपये) असे सगळे स्वतंत्र ओळींत मागा. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) ने माहिती अधिकाऱ्यावर टाकली आहे, तेही लिहा.

कायद्याने पहिल्या अपिलाच्या निर्णयाला मुदत घातली, दुसऱ्याच्या निर्णयाला नाही. त्यात आयुक्तांच्या जागा रिकाम्या राहिल्या की अपिले तुंबतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन केंद्र सरकार ठरवते. पाच वर्षांचा कार्यकाळ तीनवर आला. सरकारला जाब विचारणाऱ्याची नोकरी सरकारच्या हाती देणे चूकच आहे.

दुसऱ्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत लॉगबुक नष्ट होऊ नये म्हणून अपिलाची प्रत जोडून संबंधित कार्यालयाला पत्र द्या, पोच घ्या. मागितलेली माहिती नष्ट करणे हेही कलम २० खाली दंडाचे कारण आहे.