तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी ताण सांभाळला नाही

"मॅडम, कॉलेज, घर, लहान मूल आणि वर पीएचडी. ताण कसा सांभाळलात हो?" २०२४ मध्ये माझी मौखिकी झाली, तेव्हापासून हा प्रश्न महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. स्टाफरूममध्ये येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, कोर्सवर्क करणाऱ्या मुलींचे तर रात्री फोन येतात. विचारणारीला दोन ओळी हव्या असतात, हे मला कळतं. पहाटे उठा, चालायला जा, प्राणायाम करा, रोज एक पान लिहा. त्या ओळी मी कितीतरी जणींना दिल्या. आता देववत नाहीत.

मी ताण सांभाळला नाही. त्यानेच मला एक दिवस खाली बसवलं.

माझा विषय हळदीचा व्यापार आणि हरिपूरची पेवं. सांगलीकरांना पेव काय ते सांगायला नको; बाकीच्यांसाठी, हळद साठवायचं जमिनीखालचं खोल कोठार. २०१७ ला नोंदणी झाली, २०१८ ला मुलगी झाली आणि दीड महिन्यात मी पुन्हा तासाला उभी राहिले, कारण तासिका तत्त्वावर तास घेतला तरच पैसे. स्त्री संशोधकांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, आणि कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलतही मिळू शकते. यूजीसीच्या २०१६ च्या नियमावलीत हे होतं, २०२२ च्या नियमावलीतही आहे. मी ते पान २०२१ मध्ये वाचलं. आधी का वाचलं नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. प्रवेश मिळालाय हेच उपकार वाटत होते, सवलत मागायचं डोक्यात कुठून येणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. ज्या अडत्यांच्या जुन्या चोपड्यांवर माझं तिसरं प्रकरण उभं राहायचं होतं, त्या चोपड्यांचा लगदा झाला. पुढच्या वर्षी सगळंच बंद. हे सगळ्यांनीच सोसलंय, माहीत आहे मला. म्हणूनच तेव्हा कुणाला काही बोलले नाही.

आता तो दिवस सांगते. जुलै २०२२. कोल्हापूरला अकरा वाजता समितीपुढे सहामाही सादरीकरण होतं. आदल्या रात्री दोनपर्यंत तक्ते दुरुस्त करत होते, पाचला उठून डबे केले, मुलीला शेजारी सोडलं आणि मिरज स्टेशन गाठलं. आठवडाभर हेच चाललं होतं. प्लॅटफॉर्मवर गाडी लागलेली होती. मी डब्याकडे निघाले आणि बोटांना मुंग्या आल्या. मग ओठांभोवती. छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं झालं, श्वास आत जाईना. हार्ट अटॅक आला, असंच मला वाटलं. आणि डोक्यात पहिला विचार मुलीचा आला नाही. प्रेझेंटेशनची दुसरी प्रत घरच्या कॉम्प्युटरवर आहे, ती माझ्या मार्गदर्शक सरांना कोण पाठवणार, हा आला. हे लिहायला मला आजही जड जातं.

"ए पोरी, काय हुतंय गं? बस हितं खाली." मेथीची पाटी घेऊन एक बाई निघाल्या होत्या, जयसिंगपूरच्या बाजाराला. त्यांनी दंडाला धरून मला खांबाला टेकवून बसवलं, पाटी बाजूला ठेवली आणि पदराने वारा घालायला लागल्या. "सकाळधरनं काय खाल्लंयस का न्हाई?" मी मान हलवली. त्यांनी फडकं सोडून भाकरीचा तुकडा माझ्या हातात द्यायला बघितला, तर माझी मूठ उघडेना. त्यांनीच एकेक बोट सोडवलं. आत पेनड्राइव्ह होता. तळहातावर त्याचा चौकोन उमटला होता, टोकाच्या पत्र्याच्या कडेसकट. तेवढ्यात गाडी हलली. मी उठायला गेले तर त्यांनी खांद्यावर हात दाबला. "जाऊ दे. दुपारी हाय की अजून एक." त्यांचीही तीच गाडी होती. पाटीभर मेथी दुपारपर्यंत किती उरणार, हे मला त्या वेळी सुचलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

मिस्टर आले, दवाखान्यात नेलं. सादरीकरणासाठी इस्त्री केलेल्या साडीखाली ईसीजीचा चिकट जेल लागला होता. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी नीट समजावलं, की घाबरून श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. मग विचारलं, शेवटची सलग सहा तास झोप कधी झाली? मला आठवेना. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लिहून दिलं. तो कागद मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि बाहेर येऊन सरांना फोन केला, "सर, गाडी चुकली." म्हटलं तर खरंच.

तीन आठवड्यांनी दुसरा झटका आला, तेव्हा तो कागद बाहेर निघाला. सात महिने गोळ्या घेतल्या. सासूबाईंना सांगितलं, थायरॉइडच्या आहेत. त्या बिचाऱ्या रोज सकाळी विचारायच्या, "थायरॉइडची घेतलीस का गं?"

त्याच काळात एका कार्यशाळेत मला बोलावलं होतं. मागच्या बाकावरून एका मुलीने हाच प्रश्न विचारला. मी म्हणाले, "मी रोज वीस मिनिटं प्राणायाम करते." गोळ्यांची पट्टी समोरच्या टेबलावर, माझ्या पर्समध्ये होती. त्या मुलीने ते वहीत लिहून घेतलं.

त्या वेळची मी आज समोर आली तर भांडेल माझ्याशी. म्हणेल, काय सांगायला हवं होतं? तासिका तत्त्वावरची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. "डोक्याच्या गोळ्या चालू आहेत" हे वाक्य स्टाफरूममधून ऑफिसात पोचायला किती वेळ लागतो? तिचं चुकत नाही. मी तिला एवढंच म्हणेन, की गप्प राहायचं होतंस. खोटी वीस मिनिटं त्या पोरीच्या गळ्यात कशाला घातलीस? आता ती पोर प्राणायाम करूनही झोप आली नाही की स्वतःलाच दोष देत बसणार. यावर तिच्याकडे उत्तर नसेल. पण नोकरीच्या प्रश्नावर माझ्याकडे तरी कुठे आहे?

मग मला कशाने बरं वाटलं? गोळ्यांनी. समुपदेशक बाईंनी. रात्री अकराला लॅपटॉप मिटण्याने. संध्याकाळच्या शिकवण्या सोडल्या, त्याने सगळ्यात जास्त. आणि त्या सोडता आल्या कारण घरात दुसरा पगार होता. हे मी आवर्जून सांगते. जिच्या फेलोशिपवर घर चाललंय आणि तीच अडकलीय, तिला "स्वतःला वेळ द्या" कोणत्या तोंडाने सांगू? श्वास हळू सोडण्याचा उपयोग झाला, नाही असं नाही, पण तो गोळ्या सुरू झाल्यावर. कुणाला आज रात्रीच बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मी स्टेशनवर बसले त्या जुलैत तो सुरूच झाला नव्हता.

अजून एक सांगायचंय. हरिपुरात पेवात उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या हमालांची मी मुलाखत घेतली होती. पेवात प्राणवायू राहत नाही, म्हणूनच हळदीला कीड लागत नाही. तोंड उघडून वारा खेळू द्यायचा, मग आधी दिवा सोडायचा. तो विझला तर उतरायचं नाही. हा दाखला मी दोनतीन भाषणांत दिला, की बायांनो, आपलाही दिवा बघून उतरा. टाळ्या पडल्या. आता देत नाही. टेप पुन्हा ऐकली तेव्हा लक्षात आलं, त्यांचं पुढचं वाक्य मी गाळलं होतं. "पण ट्रक हुबा असला की मालक काय थांबतोय व्हय?"

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात एकतीस नावं आहेत. मेथीवाल्या बाईंचं नाही. विचारलंच नव्हतं. नंतर चारपाच वेळा त्याच गाडीच्या वेळेला स्टेशनवर थांबले, त्या दिसल्या नाहीत.

परवा एका मुलीचा फोन आला. तिसरं वर्ष चालू आहे, वडिलांची दोन एकर द्राक्षबाग आहे, रात्री झोप लागत नाही म्हणाली. तिला मी हे सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण मॅडम, तुमचं सबमिशन तर झालं ना?"

झालं, म्हणाले.