तुम्ही विचारलंत म्हणून: बागेला पाणी किती घालता?

घरी कोणीही आलं की गेटपाशीच विचारतात, लातुरात राहून एवढी बाग, पाणी किती घालता ओ काकू? उन्हाळ्यात आठवड्याला चार बादल्या, तेपण भाज्या-तांदूळ धुतलेलं, आणि पावसाळ्यात एक तांब्यासुद्धा नाही. हे ऐकलं की लोकांना वाटतं मी फेकतेय.

२०१६ चा दुष्काळी उन्हाळा इथं ज्यांनी काढला त्यांना वेगळं सांगायला नको, पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम म्हणजे जमावबंदी, एप्रिलात मिरजेहून पाणी घेऊन जलदूत रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या वर्षी आमचं लॉन आणि गुलाब दोन्ही वाळले आणि खरं सांगू, वाईट वाटण्यापेक्षा लाजच जास्त वाटली, की इथं आपण लॉन लावलंच कसं. मग ठरवलं वाळवंटी बाग करायची. नर्सरीतनं कॅक्टस, अडेनियम (फुगीर खोडाचा वाळवंटी गुलाब), घायपात आणले, खड्डे काढून लावले, वर पांढरे दगड पसरले, फोटो एक नंबर आले.

जुलैत सगळं सडलं! तहानेनं एक झाड गेलं नव्हतं, गेली ती पावसानं. अडेनियमचं खोड दाबलं तर पिकल्या केळ्यासारखं बोट आत गेलं. आपल्याकडचा बहुतेक पाऊस चार महिन्यातच पडतो आणि खाली आपली काळी माती, ती एकदा भिजली की पाणी सोडतच नाही, मुळांना हवा मिळणार कुठून. म्हणून आता कोणी झाडांची नावं विचारली की मी आधी विचारते, निचऱ्याचं काय केलंय?

मी नंतर जमिनीवरच दीड फूट उंच वाफा केला, तळाला विटांचे तुकडे, वर दोन भाग मुरूम, एक भाग कच (खडीचा बारीक चुरा), एक भाग माती आणि थोडं जुनं शेणखत, आणि सगळा उतार शेवग्याकडं, म्हणजे जादाचं पाणी त्याला जातं. पांढरे दगड काढून टाकले कारण मे महिन्यात ते खालून झाडं भाजतात, मुरमाचे खडेच बरे दिसतात. आणखी एक, नर्सरीतला कॅक्टस शेडनेटखाली वाढलेला असतो, आणल्या आणल्या उन्हात ठेवला की अंगावर पांढरे चट्टे पडतात, ते परत जात नाहीत. आठ-पंधरा दिवस सवय करा.

झाडं म्हणाल तर महागडीच पाहिजेत असं काही नाही, कोरफड, तरवड, शेर चालतात (शेराचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, लहान पोरं असतील तर लावूच नका). फड्या निवडुंगाला आपण गावठी समजतो, पण तोपण मूळचा अमेरिकेतला पाहुणाच. खरी आपली म्हणजे शिंदळ माकुडी, मांसल खोडाची छोटी वनस्पती, फक्त महाराष्ट्रातच सापडते, शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर. उगवते कुठं तर खडकाच्या कपारीत, जिथं पाणी थांबतच नाही! माझं सगळं लेक्चर त्या झाडाला आधीच माहीत होतं. पण ती दुर्मिळ आहे, किल्ल्यावरून उपटून आणू नका प्लीज.

तर पाणी किती? जळून गेलेली अगरबत्तीची काडी चार बोटं मातीत खुपसायची, ओली माती चिकटून आली तर बादली आल्या पावली परत न्यायची, एवढंच. थंडीत अडेनियम पानं गाळतं तेव्हा तर जवळपास बंदच करायचं, लोक घाबरून तेव्हाच जास्त घालतात.

आमच्या ह्यांना हे अजून पटलेलं नाही. २०१६ ला घागरी घेऊन टँकरमागं पळालेला माणूस, पण मी माहेरी गेले की गुपचूप पाइप लावतात. मागच्या खेपेला माझा सहा वर्षांचा गोल कॅक्टस त्यातच गेला, विचारलं तर म्हणे, बिचारा वाळल्यासारखा दिसत होता.