एलडी प्रमाणपत्र: घोडं अडतं ते शाळेच्या अहवालावर

मुलाचं एलडी, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन किंवा गणितातल्या अडचणीचं) प्रमाणपत्र काढताना चाचण्यांना वेळ लागतो, रुग्णालयात ताटकळावं लागतं, हे सगळेच सांगतात. आम्हाला छळलं ते शाळेच्या एकपानी अहवालाने. ‘मूल हुशार आहे, पण लक्ष देत नाही. घरी सराव घ्यावा.’ खाली सही-शिक्का. एवढ्या मजकुरावरून तिथले डॉक्टर काय ठरवणार? कागद परत आला. शाळा म्हणे, आमच्याकडे याचा नमुनाच नाही. रुग्णालय म्हणे, आधी शाळेकडून नीट लिहून आणा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 नुसार अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यावर उपाय करणं हे अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांचं काम आहे. अर्जात हे कलम घातलं आणि मुख्याध्यापकांचा सूर बदलला. विनंत्या करून जे झालं नाही ते त्या एका ओळीने झालं, याचा राग अजून आहे.

अहवालात चुकांचा प्रकार हवा. ‘शुद्धलेखन कच्चं’ याला काही अर्थ नाही. ‘सूर्य’मधला रफार गळून ‘सूय’ होतो, ‘प्रकाश’चा ‘पकाश’ होतो, फळ्यावरून उतरवताना मधलीच ओळ सुटते, ‘बावन्न’ ऐकून 25 लिहिलं जातं, असं लिहून घ्या. धडा तोंडी घडाघडा सांगणारं मूल तेच उत्तर लिहिताना दोन ओळींत आटोपतं, ही तफावत तर आलीच पाहिजे. शाळेने जादा मदत कधीपासून दिली, त्याने किती फरक पडला, हेही. सोबत मागच्या इयत्तांची प्रगतिपुस्तकं आणि वह्या. वही रफ न्या, खाडाखोडीसकट. फेअर वहीत घरच्यांनी दुरुस्त करून घेतलेलं असतं, तिच्यावरून काही कळत नाही.

पुढचं तसं सुरळीत. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन, गणित. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. नाहीतर भाषा कच्ची आहे की अडचण खरी आहे, याचा गोंधळ होतो.

मूल 8 वर्षांचं होईपर्यंत प्रमाणपत्र मिळत नाही. 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि 18 नंतरचं कायमचं. चौदावं वर्ष आठवी-नववीत येतं, त्यामुळे दहावीचा फॉर्म भरायच्या आत नवं प्रमाणपत्र हातात हवं.

या प्रमाणपत्रावर परीक्षेतल्या सवलती मागताना सरसकट सगळ्या मागू नका. जादा वेळ तासाला किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट त्याच अधिनियमाच्या कलम 17 मध्ये आहे. पण अडचण वाचनाची असेल तर प्रश्न वाचून दाखवणारा जास्त उपयोगी. लेखनिक घ्यायचा तर घटक चाचणीपासूनच घ्या. गणिताची पायरी न् पायरी बोलून सांगणं सवयीशिवाय जमत नाही, आणि बोर्डाच्या पेपरात ते शिकायला वेळ नसतो.

आणि हो, शाळेला दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्या. ‘अहवाल मागितलाच नव्हता’ हेही ऐकायला मिळतं.