समंत्रक म्हणजे नोकरी नव्हे, भाऊसाहेब!

'समंत्रक' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही तो मुक्त विद्यापीठात शिकवणाऱ्याचा नव्हे, गंडेदोरे करणाऱ्या माणसाचा वाटला होता. त्यामुळे आमच्या संस्थेच्या मुख्य लिपिकांना, म्हणजे भाऊसाहेबांना, मी फार दोष देऊ नये. तरी देणार आहे. साडेतीन महिने काढलेत मी त्या एका शब्दापायी.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. 2023 मध्ये मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि घराच्या हप्त्याशेजारी तिच्या मेसचा हप्ता येऊन बसला. वरकमाई हवी (चांगल्या अर्थाने) म्हटलं की सगळ्यांचा पहिला सल्ला ठरलेला: "बाई, घरी दहावीच्या शिकवण्या घ्या की." घेत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 मध्ये शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही असं सरळ लिहिलंय. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्याच वर्गातली चार पोरं संध्याकाळी पैसे मोजून आपल्या ओट्यावर बसली, तर उरलेल्या पन्नास जणांकडे दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडाने बघायचं? गावात घेणारे घेतात, त्यांची नावं मला ठाऊक आहेत, जाऊ दे.

बाकीचे मार्ग करून पाहिलेत. बोर्डाचे पेपर तपासणं ही कमाई नव्हे, कर्तव्य आहे. मानधन येतं तेव्हा कधीचं आलंय ते आठवावं लागतं. रविवारी स्पर्धा परीक्षेला पर्यवेक्षण केलं की भत्ता मिळतो, पण दिवसभर उभं राहून गुडघे बोलतात. निवडणुकीचा भत्ता मी धरतच नाही. एका प्रकाशकासाठी सरावसंच लिहिले, त्याचे मात्र एकरकमी 40 हजार ठरले होते. कुणी असं काम घेणार असेल तर एकरकमी की रॉयल्टी, आणि पुढच्या आवृत्तीचे काय, हे लेखणी उचलण्याआधी कागदावर घ्या. मी 'पुढच्या आवृत्तीचे काय' विचारलं नव्हतं. दुसरी आवृत्ती निघालीय, दुकानात पाहिली.

तर मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली सुरू झालं, गावोगावच्या कॉलेजांतून त्याची अभ्यासकेंद्रं चालतात. शेजारच्या तालुक्यातल्या केंद्रावर बी.ए.च्या संपर्क सत्रांना मराठीसाठी माणूस हवा होता. त्या शिकवणाऱ्या माणसाला ते समंत्रक म्हणतात. केंद्रसंयोजक भेटले, एम.ए., बी.एड.ची प्रमाणपत्रं पाहिली, अर्ध्या तासात काम झालं. निघताना म्हणाले, "मॅडम, फक्त तुमच्या संस्थेचं ना हरकत पत्र तेवढं आणा."

तेवढं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज लिहिला. मुख्याध्यापक सरांनी त्याच दिवशी शिफारस करून सही दिली. आमच्या शिपाईमामांच्या टपालपिशवीतून तो जिल्ह्याच्या गावी संस्थेच्या कार्यालयात गेला. तीन आठवडे काही नाही. फोन केला तर भाऊसाहेब म्हणाले, "बाई, असा अर्ज आलेलाच नाही." आमच्या जावक रजिस्टरला नोंद होती, त्यांच्या आवकला नव्हती. मधल्या चाळीस किलोमीटरमध्ये अर्ज विरघळला होता.

शनिवारी सकाळची शाळा करून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट झालंय ते त्याच वर्षीच्या मार्चपासून, तेवढीच काय ती शासनाची कृपा. कार्यालयात पोहोचले तर भाऊसाहेबांचा डबा उघडलेला. दारातल्या बाकावर बसले. डबा संपला, चूळ झाली, बडीशेप झाली. मग कपाटातून एकेक फाइल निघायला लागली. अर्ज सापडला किरकोळ रजांच्या गठ्ठ्यात. शिक्षिकेचा अर्ज म्हणजे रजेचाच, असं कुणीतरी धरलं असणार. त्याला मधोमध टाचणी मारली होती, नेमकी माझ्या सहीतून.

भाऊसाहेबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "'समंत्रक म्हणून नियुक्ती'... नियुक्ती म्हणजे नोकरीच झाली की, बाई. पूर्णवेळ शिक्षकाला दुसरी नोकरी करता येत नाही." आणि तपकिरी पुठ्ठा घातलेली 1981 ची सेवाशर्ती नियमावली त्यांनी माझ्यासमोर आपटली. उघडली नाही, नुसती आपटली.

मी म्हटलं, अहो, फक्त रविवारी आहे. मानधनावर आहे. शिकवायचंच काम आहे, तेही मोठ्या माणसांना.

"मग तसं लिहा की. आणि विद्यापीठाचं नेमणुकीचं पत्र जोडा."

केंद्रावर फोन केला. संयोजक म्हणाले, ना हरकत दाखल झाल्याशिवाय पत्र निघत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! हे वाक्य मी त्या दिवशी स्टँडवर मोठ्याने म्हटलं, शेजारच्या आजीबाई दचकून सरकून बसल्या.

यातून सुटका झाली ती भाषेमुळे. मराठी शिकवते म्हणून सांगत नाही, पण दुसऱ्या अर्जातून मी 'नियुक्ती' आणि 'समंत्रक' हे दोन्ही शब्द काढून टाकले. लिहिलं: 'केवळ रविवारी व सुट्टीच्या दिवशी, मानधन तत्त्वावर, शालेय कामकाजास कोणतीही बाधा न येता, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यास परवानगी मिळावी.' नेमणुकीच्या पत्राऐवजी संयोजकांकडून 'यांची सेवा घेण्याचे प्रस्तावित आहे' अशा दोन ओळी लेटरहेडवर आणल्या. 'प्रस्तावित' या शब्दाला कुणाचीच हरकत नसते. अर्ज या वेळी स्वतः नेला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. हे पहिल्याच वेळी करायला हवं होतं. तुम्ही करा.

मग कळलं की परवानगी भाऊसाहेब देत नाहीत आणि सचिवही एकटे देत नाहीत, कार्यकारिणीच्या सभेत ठराव लागतो. सप्टेंबरच्या सभेची विषयपत्रिका आधीच निघाली होती. ऑक्टोबरची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. संयोजकांचा फोन: "मॅडम, दिवाळीनंतर सत्रं सुरू होतायत, कळवा काय ते." मी त्यांच्यावरच चिडले. त्यांचा काहीएक दोष नव्हता, नंतर चकलीचा डबा देऊन भरपाई केली.

नोव्हेंबरच्या शेवटी सभा झाली आणि माझा अर्ज आला 'आयत्या वेळचे विषय' या सदरात, इमारतीच्या रंगाच्या बिलानंतर. मुख्याध्यापक सर तिथे होते. त्यांनी सांगितलं की एका सदस्याने फक्त विचारलं, "रविवारीच ना?" सर म्हणाले, "हो." मंजूर. ज्याच्यासाठी मी चार वेळा एसटीने हेलपाटे घातले, ते अर्ध्या मिनिटात उरकलं. सहीचं पत्र हातात यायला वर नऊ दिवस लागले, कारण तुळशीची लग्नं झाली होती आणि सचिवांना रोज कुठेतरी अक्षता टाकायच्या होत्या. पहिली दोन सत्रं माझ्या जागी दुसऱ्या एका सरांनी घेतली, त्यांचं मानधन अर्थात त्यांना गेलं.

सत्रांबद्दल मात्र तक्रार नाही. वर्गात अंगणवाडी सेविका, दोन गृहिणी, एक ग्रामपंचायतीचा शिपाई. रात्रपाळी करून थेट येणारा एक पोलीस मागच्या बाकावर पेंगायचा, मधेच डोळे उघडून विचारायचा, "मॅडम, हे किती मार्काला?" गृहपाठासाठी कुणाला ओरडावं लागलं नाही. शाळेत आठवड्याला जेवढा घसा जातो त्याच्या पाव हिश्शात चार तास होतात.

वर्षाचे मिळून साडेआठ हजार आले, तेही मे महिन्यात. मेसचे तीन महिने निघाले. मानधनावर कर नसतो असं आमच्या स्टाफरूममध्ये छातीठोक सांगितलं जातं, ते खोटं आहे. तेव्हा 30 हजारांपर्यंत टीडीएस (पैसे देणाऱ्यानेच आधी कापायचा कर) कापला जात नसे (एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 50 हजार झाली), पण कापला नाही म्हणजे करमुक्त नव्हे. शाळेच्या फॉर्म 16 मध्ये फक्त पगार असतो. बाहेरचं उत्पन्न रिटर्नमध्ये आपण स्वतः दाखवायचं. प्रकाशकाने 40 हजारांतले 4 हजार कापले होते, ते मला 26एएस (आपल्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता) उघडल्यावर दिसले आणि रिटर्न भरताना वळते झाले. स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं नव्हतं, त्याचे 20 टक्के गेले. त्याला अजून बोलून दाखवू नका.

माझे दीर जिल्हा परिषद शाळेत आहेत. त्यांना माझ्या अर्जाची नक्कल हवी होती. दिली, पण त्यांना 1967 चे जिल्हा परिषद वर्तणूक नियम लागू आहेत आणि त्यांचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जातो. तेव्हा माझा मजकूर जसाच्या तसा उतरवू नका, 'संस्था' या शब्दाच्या जागी नीट बघून घ्या.

परवानगी पत्राची शेवटची ओळ मी घरी येऊन वाचली: 'सदर परवानगी शैक्षणिक वर्ष 2023-24 पुरती राहील.' म्हणून पुढचा अर्ज शाळा उघडली त्याच आठवड्यात नेऊन दिला, मागच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख पहिल्याच ओळीत टाकून. भाऊसाहेबांनी तो वाचला, शिक्का मारला आणि म्हणाले, "ते समंत्रकाचंच ना?"