वऱ्हाडी शब्दांच्या साइटला हलकी थीम: तीन आठवड्यांची नोंद

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात लाइन असेपर्यंत टॉवर बरा चालतो. लाइन गेली की थोड्या वेळात त्याची बॅटरी बसते, आणि मग वावरात उभं राहिलं की फोनच्या कोपऱ्यात नुसता 'ई' दिसतो, म्हणजे जुनं, मंद नेट. माझी साइट वाचणारे बहुतेक याच नेटवर्कवर आहेत. तिच्यावर फार काही नाही. आजीकडून आणि आजूबाजूच्या कास्तकारांकडून गोळा केलेले वऱ्हाडी शब्द, त्यांचे अर्थ, जमेल तिथे फोटो. डवरा, तिफन, धुरा (वावराचा बांध), पऱ्हाटी, सांबार (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर).

साइट ह्यूगोवर आहे. ह्यूगो मजकूर साच्यात बसवून तयार पानं काढून देतो, मागे डेटाबेस नसतो. त्यामुळे साइट आपोआप हलकी असणार, असं मी धरून चाललो होतो. मग एका रात्री ब्राउझरचं नेटवर्कचं पान उघडून बघितलं. 'धुरा' या शब्दाची चार ओळींची नोंद उघडताना फोन बाहेरच्या चार ठिकाणी जात होता: एकीकडून फॉन्ट, दुसरीकडून चिन्हं, तिसरीकडून शोधाची जावास्क्रिप्ट (शोध चालवणारा कोड), आणि चौथ्या जागी पान उघडल्याची वर्दी. हे सगळं थीमसोबत, म्हणजे साइटच्या आयत्या साच्यांसोबत, आलं होतं, मी काहीच मागवलं नव्हतं.

वजनापेक्षा मला ती वर्दी जास्त लागली. बाहेरून फॉन्ट आणायचा म्हटलं की वाचणाऱ्याचा आयपी पत्ता (नेटवरचा त्याचा क्रमांक) त्या सर्व्हरकडे जातोच. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये याच कारणासाठी, गूगल फॉन्ट्स बाहेरून जोडणाऱ्या एका साइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. आमच्या गावात कोणी दावा लावणार नाही. पण शेजारचे काका 'तिफन'चा अर्थ बघतात तेव्हा त्याची खबर तिसऱ्याला का मिळावी, हा प्रश्न मला खरा वाटतो.

साफसफाई

थीमच्या फोल्डरला हात लावला नाही. जी फाइल बदलायची ती आपल्या लेआउट्स फोल्डरमध्ये त्याच नावाने, त्याच वाटेवर ठेवली की ह्यूगो आधी आपली फाइल उचलतो. पुढे थीम अद्ययावत केली तरी आपलं काम टिकतं. पहिल्या दिवशी हेडची, म्हणजे पानाच्या न दिसणाऱ्या डोक्याची, फाइल कॉपी करून त्यातल्या बाहेरच्या सगळ्या लिंका काढल्या. चिन्हांच्या जागी सरळ शब्द लिहिले. शोधाची जावास्क्रिप्ट काढून सगळे शब्द अकारविल्हे एकाच पानावर लावले. उजेड-अंधाराचं बटण काढलं, कारण फोनची सेटिंग बघून रंग बदलणं सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) स्वतःच करतं.

मग पानाच्या डोक्यात सुरक्षा धोरणाचा मेटा टॅग, म्हणजे ब्राउझरसाठीची एक सूचना, घातला: चित्रं, सीएसएस, फॉन्ट फक्त आपल्याच साइटवरून, बाकी सगळं बंद. ज्यांनी अजून केलं नसेल त्यांनी हे आधी करा. काही बाहेरचं नजरेतून सुटलं असेल तर ब्राउझर ते अडवतो आणि कन्सोलमध्ये लाल अक्षरात सांगतो. मला त्यातूनच कळलं की थीमने रंग थेट टॅगमध्येही लिहून ठेवले होते. तेही अडले, पान फिकं पडलं. ते सीएसएसच्या फाइलमध्ये हलवायला एक संध्याकाळ गेली.

अक्षर

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा होता.

मुख्य मजकुराला फॉन्ट पाठवायचाच नाही, असं ठरवलं. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी असतो, विंडोजवर निर्मला यूआय, आयफोनवर कोहिनूर. वाचायला तिन्ही चांगले आहेत. फक्त मूळ शब्द, म्हणजे पानावर मोठ्या अक्षरात येतो तो, मला 'टिरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये हवा होता. त्यातले ल आणि श मराठी वळणाचे आहेत, शाळेत पाटीवर गिरवले तसे.

आख्खा फॉन्ट जड, म्हणून फॉन्टटूल्स या फॉन्ट कापायच्या साधनाने त्यातली लागतील तेवढीच अक्षरं काढायची ठरवली. एका फाइलमध्ये अ ते ज्ञ वर्णमाला आणि बाराखडी हाताने टाइप केली आणि तीच यादी दिली. लॅपटॉपवर 'तिफन' आणि 'धुरा' ही पानं बघितली. छान दिसली. संध्याकाळी बाबांच्या फोनवर मुख्यपान उघडून दिलं.

बाबा म्हणाले, "हे मधलंच अक्षर काहून येगळं दिसते रे?"

साइटच्या नावातच 'वऱ्हाडी' आहे. त्यात व आणि डी टिरोचे, जाड-बारीक वळणाचे, आणि मधला ऱ्हा फोनच्या सपाट अक्षरात. कारण सापडायला वेळ लागला. ऱ हा युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत) स्वतंत्र वर्ण आहे, त्याचा क्रमांक ०९३१. वर्णमालेत आपण तो म्हणत नाही, म्हणून माझ्या यादीत तो नव्हता. वऱ्हाडी, पऱ्हाटी, ऱ्हायलं, म्हणजे आमच्या बोलीचे नेमके शब्द तुटत होते.

आता यादी न देता पल्ला देतो: ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पूर्ण ठोकळा, सोबत २००सी आणि २००डी हे दोन अदृश्य जोडवर्ण, आणि आपली अवतरणचिन्हं. २००डी मुद्दाम घेतला, कारण जुन्या नोंदींत मी ऱ्ह कधी ऱ वापरून, तर कधी साधा र, हलन्त आणि तो जोडवर्ण असा टाइप केलेला निघाला. डोळ्यांना दोन्ही सारखेच, साठवणीत वेगळे. सगळे ऱ करून घेतले. वॉफ२ या वेबसाठी आवळलेल्या फॉन्टच्या प्रकारात फाइल शंभर केबीच्या आत बसली. सीएसएसमध्ये फॉन्ट-डिस्प्लेला 'ऑप्शनल' दिलं आहे: फॉन्ट लगेच आला तर ठीक, नाहीतर शब्द फोनच्या अक्षरात दिसतो आणि वाचणारा थांबून राहत नाही.

यानंतर आजीने नाव ठेवलं. तिला थोडं वाचता येतं, मोठं अक्षर असलं तर. "वरची रेघ काहून तुटली?" तिचं बरोबर होतं. थीमने मथळ्यांना अक्षरांमधलं अंतर वाढवून दिलं होतं. रोमनला ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा फाटते. ते शून्य केलं. ओळींमधलं अंतर १.४ वरून १.७ केलं, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसत नाही. टिरोला जाड वजन नाही, त्यामुळे मथळ्याचा बोल्डही काढला. ब्राउझर खोटा बोल्ड करतो तेव्हा जोडाक्षरं बुजतात. आणि पानाची भाषा थीमने इंग्रजी ठोकून ठेवली होती, ती मराठी केली. पान वाचून दाखवणारं साधन त्यावरूनच आवाज निवडतं.

फोटो

फोनने काढलेल्या फोटोत बऱ्याचदा जागेचे अक्षांश-रेखांश असतात. दुसऱ्याच्या वावरात वखराचा फोटो काढायचा आणि त्या वावराचा नकाशाच जगाला द्यायचा, हे मला पटत नाही. ह्यूगोने फोटो लहान केला की त्याच्या आतली माहिती उतरत नाही. पण मूळ फाइल स्टॅटिक फोल्डरमध्ये असेल तर ती जशीच्या तशी साइटवर जाते. माझे मूळ फोटो सगळे तिथेच होते. ते असेट्स फोल्डरमध्ये हलवले. तिथून साचा मागेल तेवढंच बाहेर जातं. यात फोटोची दिशाही पुसली जाते, त्यामुळे पोळ्याला सजवलेली आमची बैलजोडी पानावर आडवी झोपली. लहान करण्याआधी ऑटोओरिएंटचा फिल्टर लावला, मग उभी राहिली.

लिंकांचंही एक. देवनागरी लिंक कॉपी करून पाठवली की एकेका वर्णाची नऊ चिन्हं होतात. 'पऱ्हाटी' एवढ्यासाठी ६३. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक ते बघून बिचकतात, म्हणून लिंक रोमनमध्ये ठेवली आणि पानावरचं नाव मराठीत.

काल धुऱ्यावरच्या निंबाखाली, 'ई'वर, 'पऱ्हाटी'चं पान उघडलं. मजकूर आणि सीएसएस मिळून दहा केबी, बाहेर एकही विनंती नाही. मूळ शब्द फोनच्या अक्षरात आला, फॉन्ट वेळेत पोचला नाही. ऱ्हा अख्खा होता.

किती जण वाचतात याचा आकडा आता माझ्याकडे नाही. टपरीवर कोणी शब्दावरून वाद घालतो तेव्हा कळतं.

पुढचं काम आवाजाचं. आजीच्या तोंडून शब्द रेकॉर्ड करायचे आहेत, कारण तिचं 'डोये' (डोळे) लिहून नीट कळत नाही. बटण दाबेपर्यंत फाइल उतरू नये म्हणून प्रीलोड (आधीच उतरवून ठेवणं) बंद ठेवणार, आणि सुरक्षा धोरणात आवाजाच्या फाइलींना परवानगी द्यावी लागेल. सोयाबीन निघाली की बसतो.